भुजलीचं सुतक

सुगंधाबाईंचं म्हणणं असं, की आत्मचरित्रातला मित्र तिसऱ्या प्रकरणात येतो आणि लेखकाला नोकरी लागली की मरतो. मेला नाही तर गावी राहतो. लेखकाच्या दृष्टीनं ते एकच. हे त्यांनी आमच्या वाचनालयाच्या नळावर हात धुताधुता सांगितलं. मी एकोणतीस वर्षं याच वाचनालयाचा ग्रंथपाल, त्यामुळे ते ताडून पाहणं सोपं होतं. त्या गेल्यावर मी आत्मचरित्रांच्या कपाटातून चौदा पुस्तकं काढली. अकरा पुस्तकांत मित्र तिसऱ्या प्रकरणात होता, दोन पुस्तकांत दुसऱ्या. एका पुस्तकात मित्रच नव्हता. ते एका निवृत्त अधिकाऱ्याचं होतं.

सुगंधाबाई आरमोरीच्या बाजारात मासोळ्या विकतात. वय साठीच्या आसपास, शिक्षण सातवी, घर ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या मोहल्ल्यात. नवरा वैनगंगेत जाळं टाकायचा; त्याच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हापासून मुलगा टाकतो. बाजाराच्या दिवशी टोपली रिकामी झाली की त्या वाचनालयात येतात. टोपली आणि मासोळ्या कापायची पावशी दाराबाहेर ठेवतात, पिशवीतून साबणाचा तुकडा काढून तीनदा हात धुतात, पदराला पुसतात आणि दोन पुस्तकं नेतात. एक कादंबरी, एक आत्मचरित्र.

तीनदा धुतले तरी वास राहतोच. पेपर वाचायला येणारी सेवानिवृत्त मंडळी त्या आल्या की खुर्च्या सरकवतात. तिघांनी मिळून एकदा लेखी तक्रार दिली, की पुस्तकांना मासोळीचा वास येतो. मी ती फाइलला लावली. त्या तिघांनी परत केलेल्या पुस्तकांत मला आजवर तंबाखूची भुकटी, थुंकी लावून चिकटलेली पानं आणि एकदा कापलेली नखं सापडली आहेत. खवलं कधीच सापडलं नाही.

त्यांच्या वाचनाची सुरुवात रद्दीतून झाली. मासोळ्या बांधून द्यायला त्या किलोनं रद्दी घेत. एका खेपेला रद्दीत कोणीतरी विकलेली अख्खी कादंबरी आली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या पान वाचत आणि गिऱ्हाईक आलं की तेच पान फाडून बांधून देत. असं एकशे बारा पानांपर्यंत चाललं. त्या दिवशी गर्दी जास्त झाली आणि पुढचं सगळं न वाचताच लोकांच्या घरी गेलं. मग त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, की पुढं त्या बाईचं काय झालं तेवढं सांगा, मले पुस्तक नको. मी पुस्तक दिलं. आठवड्यानं त्यांनी ते परत केलं आणि सांगितलं, की रद्दीत गेलं तेच बरं होतं.

वाचलेलं आवडलं असं त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं. तरी त्या वाचतात. एका कादंबरीची नायिका नदीकाठी बसून पाण्यातल्या मासोळ्यांकडे पाहते आणि तिला त्यांत आपलं मन दिसतं. सुगंधाबाई म्हणाल्या, मी चाळीस वर्षं पाहून राह्यली, मले रोहूच दिसते. त्या निवृत्त अधिकाऱ्याच्या आत्मचरित्राबद्दल त्यांना एक शंका होती. या साहेबाले जन्मात एक वाईट माणूस भेटला नाई अन् एक दोस्त टिकला नाई, या दोन गोष्टी एकाच पुस्तकात कशा? मी पुस्तक जमा करून घेतलं. साहेब आमच्या वाचनालयाचे देणगीदार आहेत.

त्यांची स्वतःची गोष्ट मला कळली ती एका कादंबरीमुळे. त्यात दोन मैत्रिणी चाळीस वर्षांनी रेल्वेच्या फलाटावर भेटतात आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. परत करताना सुगंधाबाईंनी ती माझ्या टेबलावर जवळजवळ टाकलीच. त्यांना शिसारी आली होती. चाळीस वर्षांनी भेटलेल्या बायका आधी एकमेकींचं पातळ पाहतात, मग हातातल्या बांगड्या, अन् मग ठरवतात गळ्यात पडाचं का नाई, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, मले बी भुजली होती.

आमच्याकडे पूर्वेच्या पट्ट्यात काही घरांत ही रीत अजून आहे. श्रावणात पोरी टोपलीत माती-शेण घालून गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत झाकून ठेवतात. पिवळटसर अंकुर येतात, ती भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती वाजतगाजत तलावात शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात, आणि चार अंकुर हातात राखून ठेवतात. ज्या दोन पोरी ते अंकुर एकमेकींच्या कानामागे खोचतात त्या जन्माच्या भुजली होतात. त्यानंतर एकमेकींचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, भुजली म्हणूनच हाक मारायची. एकीची आई ती दुसरीची आई. एकीच्या लग्नात दुसरीनं नवरीच्या मागे उभं राहायचं. आणि एक मेली, तर दुसरीनं सख्ख्या बहिणीसारखं दहा दिवस सुतक पाळायचं. जात आड येत नाही असं म्हणतात. आड येत नाही म्हणजे काय, ते पुढं येईलच.

सुगंधाबाईंचं माहेर सिंदेवाहीकडचं. मोठा तलाव असलेलं गाव. बाप तलावात जाळं टाकणारा. त्यांची भुजली म्हणजे गावातल्या मोठ्या धानवाल्या शेतकऱ्याची मुलगी, इंदू; नाव त्यांनी घेतलं नाही, ते मला पुढं कळलं. दोघी एका वर्गात. सातवीनंतर इंदू नागपूरला शिकायला गेली आणि सुगंधाबाई टोपली घेऊन बाजाराला. सुट्टीत इंदू आली की तलावाच्या पाळीवर दोघी बसत, आणि इंदू तिला शहरातून आणलेली गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवी. सुगंधाबाईंना वाचता येत नव्हतं असं नाही. पण ऐकाले बरं वाटे, असं त्या म्हणाल्या.

मग इंदूचं लग्न ठरलं. नवरा नागपूरचा, शिकलेलं घर. सुगंधाबाईंचं लग्न आधीच झालं होतं. त्या आरमोरीहून माहेरी गेल्या, बापानं पहाटे काढलेल्या रोहूंची टोपली डोक्यावर घेतली आणि मांडवात शिरल्या. नवरीच्या मागे उभं राहायचा मान त्यांचा होता. इंदूच्या होणाऱ्या सासूनं विचारलं, ही कोण? हळदीनं पिवळ्या झालेल्या इंदूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि सासूला सांगितलं, मासेवाली आहे, आमच्याकडे नेहमी येते. मग त्यांना म्हणाली, मागच्या दारी दे. मागच्या दारी कोणीतरी टोपली उपडी करून घेतली, आणि रिकाम्या टोपलीत पत्रावळीवरची उरलेली बुंदी बांधून ठेवली.

ती बुंदी त्यांनी तलावात टाकली. इंदूला त्यानंतर त्यांनी पाहिलं नाही.

मला हे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुस्तकं वाचाच्या आधी वाटे भाऊ, का हे माह्याच नशिबी आलं. वाचून वाचून कळलं, ही रीतच हाय. आता वाईट नाई वाटत. घाण वाटते."

त्यांनी हे सांगितलं त्याला सहा-सात वर्षं झाली. गेल्या वर्षी वाचनालयात एक नवं आत्मचरित्र आलं. नागपूरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या इंदुताईंनी लिहिलेलं, नाव 'ओलसर पाऊलखुणा'. मुखपृष्ठावर कमळ. आमच्या वाचनालयाचे सचिव घनश्यामराव यांनी ते स्वतः आणून दिलं. आपल्या भागातली लेखिका आहे, कॉलेजच्या पोरींना एक प्रकरण वाचायला लावलंय, पोरी ढसाढसा रडतात, असं त्यांनी सांगितलं. कोणतं प्रकरण, हे मी विचारलं. तिसरं, असं ते म्हणाले.

मी ते आधी वाचलं आणि सुगंधाबाईंना द्यायचं नाही असं ठरवलं. पण त्या कपाटाशी मला विचारून जात नाहीत.

तिसऱ्या प्रकरणाचं नाव 'बुडालेली भुजली'. त्यात तेरा वर्षांची एक मुलगी आहे. ती गोरी आहे, गाते छान, आणि तिला शिकायचं आहे पण घरचे शिकू देत नाहीत. 'तिचं नाव सुगंधा होतं,' असं इंदुताईंनी लिहिलं आहे. 'नियतीनं केवढी ही थट्टा! तिच्या अंगाला मासळीचा वास यायचा. मला मात्र तो कधीच आला नाही.' भुजली शिरवायच्या दिवशी ही सुगंधा टोपली पलीकडच्या काठाला लागावी म्हणून पाण्यात पुढं पुढं जाते, पाय घसरतो आणि ती बुडते. 'तिची वेणी क्षणभर पाण्यावर तरंगली, कमळाच्या देठासारखी.' त्या क्षणी इंदुताईंनी मुलींच्या शिक्षणाला आयुष्य वाहायचं ठरवलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सुगंधाबाई पुस्तक घेऊन आल्या. हात धुतले. पदराला पुसले. मग त्यांनी मुद्दे मांडायला सुरुवात केली, जणू दुसऱ्याच कोणाच्या पुस्तकाबद्दल बोलताहेत. पहिला मुद्दा वासाचा. वास कधीच आला नाई, तर लिहिला कसा? दुसरा मुद्दा बुडण्याचा. ढिवराची पोरगी गळ्याइतक्या पाण्यात, आपल्याच तलावात बुडाली. त्या चार वर्षांच्या होत्या तेव्हापासून बापाच्या डोंग्यामागं पोहत होत्या. त्यांचा बाप जिवंत असता तर हे वाचून लाजेनं मेला असता. तिसरा मुद्दा नावाचा. भुजलीचं नाव तोंडानं घेत नाहीत. हिनं हजार प्रतींत घेतलं.

चौथा मुद्दा सांगताना त्या पायरीवर बसल्या.

"तीनदा वाचलं मी ते," त्या म्हणाल्या. "चांगली पोरगी हाय. नाव माहं, तलाव माहा, बाप माहा. मरण तेवढं तिचं. मंग मी कोन?"

घरी त्यांची सून दिव्यानी हिनंही ते प्रकरण वाचलं होतं. ती लग्नानंतर कॉलेज पुरं करते आहे. चुलीपुढं बसून ती रडली आणि सासूला विचारलं, आई, तुमच्या माहेरी तुमच्याच नावाची पोरगी बुडाली होती का? सुगंधाबाईंनी हाव म्हटलं, होती एक.

इथपर्यंत ही पुस्तकातली गोष्ट होती. पण वाचनालयाचा वर्धापनदिन आला आणि घनश्यामरावांनी इंदुताईंना बोलावलं. 'लेखिका आपल्या भेटीला', सोबत तिसऱ्या प्रकरणाचं अभिवाचन. पत्रिका फळ्यावर लागली. सुगंधाबाईंनी ती उभ्यानं वाचली आणि मला विचारलं, कोणीही येऊ शकते का? मी म्हटलं, वाचक सभासद तर येऊच शकतात. त्यांना काय हवं होतं, ते त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. भांडण नको, माफी नको. लोकांसमोर एकदा 'भुजली' म्हणावं. मासेवाली म्हटलं तेव्हा शंभर माणसं होती. आता पन्नास असली तरी चालतीन.

मी घनश्यामरावांकडे गेलो. प्रकरणातली मुलगी जिवंत आहे, आपल्याच बाजारात बसते आणि आपली सभासद आहे, हे त्यांना सांगितलं. त्यांना धक्का बसेल असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, की साहित्यिक सत्य आणि वास्तव सत्य यांत फरक असतो, हे आपण ग्रंथपाल म्हणून जाणतच असाल. शिवाय पत्रिका वाटून झाल्या आहेत. मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, त्या दिवशी बाईंचा बाजार नसतो का?

बाजार होता. त्याच सकाळी घनश्यामराव पाहुणीसाठी मासोळ्या घ्यायला बाजारात गेले आणि ताजी मरळ सुगंधाबाईंकडेच असल्यामुळे त्यांच्याकडूनच दोन मोठ्या घेतल्या. कोणासाठी, हेही सांगितलं. सुगंधाबाईंनी राख लावून मरळ धरल्या, साफ करून दिल्या, डोकी वेगळी बांधून दिली. दुपारच्या जेवणाला मीही होतो. इंदुताई नागपूरहून गाडीनं आल्या होत्या, फिक्या रंगाची रेशमी साडी, बोलणं मऊ. गावाकडची चव शहरात मिळत नाही, असं त्या म्हणाल्या आणि रस्सा दुसऱ्यांदा घेतला. डोकं त्यांनी मागून घेतलं. ताटाच्या कडेला काटे ओळीनं लावले होते, वहीत समास आखावा तसे.

कार्यक्रम चार वाजता. हॉल भरला होता. सुगंधाबाई बाजारातून थेट आल्या. टोपली दाराबाहेर ठेवली, हात धुतले आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. दिव्यानीनं सकाळी त्यांना धुतलेलं पातळ काढून दिलं होतं. ते त्यांनी नेसलं नव्हतं. मासोळ्या विकायचं जे रोजचं, तेच. पंखे फिरायला लागले तसा वास पुढं गेला. पहिल्या रांगेतल्या मान्यवरांनी एकेक करून रुमाल काढले आणि नाकाला लावले. त्याच वेळी इंदुताईंनी वाचायला सुरुवात केली होती. स्थानिक पेपरच्या फोटोग्राफरनं तो क्षण टिपला. दुसऱ्या दिवशी फोटोखाली मजकूर होता, 'अभिवाचनाने श्रोते भावविवश.'

'मला मात्र तो कधीच आला नाही,' या वाक्याला इंदुताई थांबल्या आणि डोळे टिपले. महिन्यापूर्वी शेजारच्या वडशाला मी त्यांचं हेच वाचन ऐकलं होतं. तिथंही त्या याच वाक्याला थांबल्या होत्या, तितकाच वेळ. तेव्हा मी थोडा हललो होतो, हे आता कबूल करताना मला माझीच किळस येते. वेणी पाण्यावर तरंगली तेव्हा मागच्या रांगांत मुलींचे हुंदके ऐकू आले. सुगंधाबाई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. ओठ हलत होते. प्रकरण त्यांना पाठ झालं होतं.

टाळ्या झाल्या. घनश्यामरावांनी वाचकांना प्रश्न विचारायला सांगितलं. विचारणार कोणी नसतं, म्हणूनच सांगतात. सुगंधाबाई उठल्या.

"बाई, मी इथली वाचक हाय," त्या म्हणाल्या. आवाज बाजारातला नव्हता, नळावरचा होता. "पुस्तकात भुजली बुडते, अन् पुढच्याच पानावर तुम्ही नागपूरले होस्टेलात जेवून राह्यल्या. भुजली मेली तर दहा दिवस सुतक पाळा लागते. तुम्ही पाळलं का?"

इंदुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मी व्यासपीठाच्या बाजूला उभा होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. ओळख पटली, यात मला शंका नाही. त्यांचा हात आपोआप कानामागे गेला आणि तिथं काही नाही हे कळल्यावर त्यांनी केस सारखे केले. एवढ्या वेळात एक शब्द बोलता आला असता. तिसऱ्या रांगेतली बाई त्या एका शब्दासाठी उभी होती.

"हो," इंदुताई म्हणाल्या. "दहा दिवस पाळलं. जमिनीवर झोपले. आणि त्या दिवसापासून आजपर्यंत मी मासळी तोंडात घातलेली नाही."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. घनश्यामरावांनीही वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मी फुलदाणी सरळ केली. सुगंधाबाई टाळ्या थांबेपर्यंत उभ्या होत्या. मग "बरं," म्हणाल्या आणि बसल्या. आभारप्रदर्शन होईपर्यंत बसून राहिल्या. मधेच उठून गेलं तर वक्त्याचा अपमान होतो, हे त्यांना पुस्तकांतून माहीत होतं.

सह्या घेणाऱ्या मुली पांगल्या. सुगंधाबाई नळावर टोपली धुवत होत्या. मी दारात कुलूप घेऊन उभा होतो. इंदुताई गाडीकडे जाताजाता वळल्या, आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि नळाशी आल्या.

"भुजली," त्या हळूच म्हणाल्या.

सुगंधाबाईंनी नळ बंद केला.

इंदुताईंची भाषा एकदम गावची झाली. लग्नातलं ते त्यांनी चार वेळा लिहून पाहिलं, आणि चारही वेळा फाडलं. हात धजला नाई. मंग तुले बुडवली, म्हणजे माह्यावर काही राह्यलं नाई, असं त्या म्हणाल्या. लिहिताना लई रडली मी, खरंच. त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटलं नाही, आणि त्यानं घाण कमी झाली असंही वाटलं नाही. दुसरी आवृत्ती निघते आहे, त्यात मी तुले काढते पाण्यातून, असं त्या पुढं म्हणाल्या. कोणीतरी कोळी येतो आणि वाचवतो, असं करता येईल. शेवटी एक टीप टाकीन, की ती आज आनंदात आहे.

सुगंधाबाई ऐकत होत्या. टोपलीतलं पाणी निथळत होतं.

"नका काढू बाई," त्या म्हणाल्या. बाई, असं म्हणाल्या. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. "पोरी तिच्यासाठी रडून राह्यल्या. तिले जिवंत करून काय करान, मासोळ्या विकाले बसवान?"

"तुले राग आला."

"राग नाई. तुम्ही आता सगळ्यांसमोर सांगितलं ना, दहा दिवस सुतक पाळलं म्हून? पन्नास-साठ माणसं होती. मंग ते खरं धरा लागते. सुतक फिटलं का नातं फिटते. आता तुम्ही माह्या कोनी नाई अन् मी तुमची कोनी नाई."

इंदुताई म्हणाल्या, की ते फक्त बोलण्यापुरतं होतं. सुगंधाबाई म्हणाल्या, लग्नातलं बी बोलण्यापुरतंच होतं.

त्यावर इंदुताईंनी त्यांचा हात धरायला हात पुढं केला. सुगंधाबाईंनी दोन्ही हातांनी टोपली उचलून डोक्यावर घेतली, त्यामुळे धरायला हात राहिला नाही. गाडीच्या ड्रायव्हरनं दार उघडून ठेवलं होतं. इंदुताई गेल्या. जाताना त्यांनी बोटं रुमालाला पुसली, हे मी पाहिलं. सवयीनं पुसली असतील.

'ओलसर पाऊलखुणा'ची दुसरी आवृत्ती दोन महिन्यांनी आली. मुलगी बुडालेलीच आहे. प्रस्तावनेत एक नवा परिच्छेद आहे, 'आरमोरीच्या एका साध्यासुध्या कोळीण वाचकाने विचारलेल्या प्रश्नाने मी अंतर्मुख झाले.' घनश्यामरावांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला. वाचनालयाचा उल्लेख आला म्हणून ते खूश आहेत.

सुगंधाबाई अजून येतात. तीनदा हात धुतात, दोन पुस्तकं नेतात, आठवड्यानं तोंड वाकडं करून परत आणतात. मैत्रीवरची कादंबरी असली तर आता जास्त बारकाईनं वाचतात आणि कोण कधी खोटं बोललं ते पान क्रमांकासह सांगतात. मध्यंतरी मी त्यांना विचारलं, घरी दिव्यानीला सांगितलं का, की ती मुलगी म्हणजे तुम्ही?

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दिव्यानीनं त्या प्रकरणावर कॉलेजात निबंध लिहिला, पहिला नंबर आला, आणि देवाच्या फळीवर तिनं त्या बुडालेल्या पोरीच्या नावानं एक दिवा लावला होता. सुगंधाबाईंनी त्यात तेल घातलं.

"सांगून काय करू भाऊ?" त्या म्हणाल्या. "त्या पोरीवर तिचा लई जीव हाय. माह्याशी तर तिचं रोज भांडण होते."